सगळं टाकून द्या

आमच्या बीड जिल्ह्यात 'डीजे' हे माणसाचं नाव नाही. लग्नघरात "डीजे सांगितला का?" असं विचारतात तेव्हा त्यांना हवी असते पिकअपवर रचलेली पेट्यांची भिंत, तिच्यामागचा जनरेटर आणि वर फिरणारे दिवे. "कितीचा डीजे आहे?" म्हणजे बेस किती, टॉप किती. त्या भिंतीमागे लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याला ऑपरेटर म्हणतात, आणि बहुतेक वेळा तेही म्हणत नाहीत, "ए दादा" म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द रेडिओवर तबकड्या लावणाऱ्या माणसासाठी होता. केज-अंबाजोगाईपर्यंत येता येता त्यातला माणूस गळाला आणि यंत्र उरलं. मी गेली पंधरा-सोळा वर्षं या भिंतीमागे बसतो. त्यामुळे माणूस नेमका कुठे गळाला आणि तो परत कुठे सापडू शकतो, या प्रश्नात माझा स्वार्थ आहे.

तो सापडायची एक जागा म्हणजे लॅपटॉपला लटकलेली हार्ड डिस्क, असं मला अलीकडे वाटायला लागलंय.

माझ्या डिस्कवर साठ हजारांच्या वर फाइली आहेत. एक गाणं सरासरी चार मिनिटांचं धरलं तर हे चार हजार तास होतात. न झोपता ऐकायचं म्हटलं तर साडेपाच महिने. एका सुपारीत पाच तास वाजवतो असं धरलं आणि एकही गाणं दुसऱ्यांदा लावायचं नाही असं ठरवलं, तर आठशे कार्यक्रम पुरतील. वर्षाला साठ कार्यक्रम झाले तर तेरा वर्षं. आणि प्रत्यक्षात एका वरातीत जेमतेम चाळीस गाणी लागतात, त्यातली तीस सगळ्या वरातींत तीच.

हा ढीग कुणी गोळा केला नाही, तो साचला. तबकड्यांच्या काळात डीजेला निवड करावीच लागायची, कारण पेटी उचलून न्यायची असे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्येही काय बसवायचं याचा विचार लागायचा. मग मोबाईल शॉपी आल्या. चार जीबीच्या मेमरी कार्डात हलक्या प्रतीची हजारभर गाणी बसत. दुकानदार विचारायचा, "काय टाकू? हिंदी, मराठी, भीमगीतं, आराधी, बंजारा?" आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "सगळं टाकून द्या." दिवाळीच्या आगेमागे कोयते ऊसतोडीला निघत तेव्हा ट्रॅक्टरवाल्यांची या दुकानांत रांग लागे. सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात वाजून ती कार्डं परत येत, आणि येताना तिकडची गाणी घेऊन येत. त्यातलं पुष्कळसं माझ्याकडे आलं. एका सीझनचा पेनड्राइव्ह, दुसऱ्या ऑपरेटरची जुनी डिस्क, नवरदेवाच्या मित्रानं दिलेलं कार्ड, असं ओतत ओतत 'न्यू फोल्डर'च्या पोटात 'न्यू फोल्डर', त्याच्या पोटात 'न्यू फोल्डर (३)'.

'टाकून देणे' या क्रियापदाची गंमत बघा. कार्डात गाणी 'टाकून द्या' म्हणजे भरा. घरातला पसारा 'टाकून द्या' म्हणजे फेका. मराठीत ही दोन्ही कामं एकाच शब्दानं होतात. मला वाटतं भाषेनं यात एक खरी गोष्ट पकडली आहे: न बघता भरणं आणि न बघता फेकणं यांत फार अंतर नाही, कारण दोन्हींत कुणी काही ऐकलेलं नसतं.

आता पसारा आवरायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, डुप्लिकेट काढा. सॉफ्टवेअर तेही करून देतं. पण एकच गाणं चौदा वेळा आहे असं ते सांगतं तेव्हा मी एकेक उघडून ऐकतो. एक मूळ कॅसेटवरून उतरवलेलं, सुरुवातीला फितीची खरखर असलेलं. एक ठेका वाढवलेलं. एकात मध्येच कुठल्याशा डीजेचं नाव आरोळी ठोकून घेतलंय. एकात ट्रकचा हॉर्न. संगीताच्या दृष्टीनं हॉर्नवालं रद्दी आहे, याबद्दल माझं मत ठाम आहे. पण परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की पोरं येऊन सांगतात, "दादा, हॉर्नवालं लाव की." त्यांनी मूळ गाणं ऐकलेलंच नाही. त्यांच्या आठवणीत हॉर्न हा गाण्याचाच भाग आहे, जसा माझ्या आठवणीत खरखर हा गाण्याचा भाग आहे. मग मूळ कोणतं? गायकानं स्टुडिओत गायलं ते, की ज्यावर एका गावानं आपली दहा लग्नं नाचून काढली ते? मी चौदापैकी चार ठेवली. दहा काढताना मन अडखळलं नाही, त्या मुळात एकाच फाइलीच्या नक्कला होत्या. उरलेली चार मात्र चार गाणी आहेत असं मी मानतो.

दुसरा सल्ला जास्त शहाणा दिसतो. सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं किती वेळा वाजलं ते मोजत असतं. ती यादी लावा, वर्षभरात एकदाही न वाजलेलं काढून टाका. घर आवरण्याच्या पुस्तकांतही असंच सांगतात म्हणे: वर्षभर न वापरलेला कपडा द्यायचा. मुंबई-पुण्याच्या क्लबमध्ये हे चालत असेल. आमच्याकडे गाणं वर्षात किती वेळा वाजतं यापेक्षा कोणत्या दिवशी वाजतं याला महत्त्व आहे. १४ एप्रिलची गाणी १४ एप्रिलच्या आगेमागेच लागतात, आणि त्या दिवशी वामनदादा कर्डकांचं एखादं जुनं गीत नसेल तर मिरवणुकीतले म्हातारे फक्त एकदा बघतात, पुढच्या वर्षी बोलवत नाहीत. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेला. तिची गाणी त्या वाटेवर हवीत. आराधी गाणी नवरात्रात, नाहीतर कुणाकडे जागरण-गोंधळ निघाला तर. तांड्यावरची गाणी तांड्यावर. मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला हे सगळं शून्याच्या शेजारचं दिसतं.

आणि याहूनही विरळा मागणी असते. केजच्या बाजूला एका हळदीत नवरीची आजी काठी टेकत भिंतीमागे आली होती. तिला गाण्याचं नाव सांगता येईना, मेळ्याचं नाव आठवेना. तिनं कानाशी येऊन दोन ओळी गुणगुणल्या. ते माझ्याकडे होतं: 'ट्रॅक ०७' नावानं, शेवटी अचानक तुटणारं, साडेतीन मिनिटांचं आराधी गाणं. सापडलं ते केवळ मी ते कधीतरी पूर्ण ऐकलं होतं म्हणून. पोरं कंटाळली, आजी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली, आणि तिच्या वयाच्या तीन-चार बायका आपोआप तिच्याजवळ सरकल्या. अकरा वर्षांत ते गाणं एकदा वाजलं. मोजणीत त्याच्यापुढे आजही '१' लिहिलेलं आहे, आणि त्याच पडद्यावर त्याच्या वर असलेल्या गाण्यापुढे '१४१२'. या दोन आकड्यांची तुलना होऊ शकते असं मानणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा भ्रम आहे. एक आकडा सवय मोजतो. दुसरा जे मोजतो त्याला माझ्याकडे नीटसा शब्द नाही, पण ती सवय नव्हे.

मग लावायचं कसं? डीजेच्या सॉफ्टवेअरला गाण्याच्या दोन गोष्टी कळतात: मिनिटाला ठोके किती आणि पट्टी कोणती. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना नाचणाऱ्याचा पाय चुकू नये यासाठी हे उपयोगाचंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण १२८ ठोक्यांखाली भीमगीत, लावणी आणि हिंदी सिनेमातलं गाणं शेजारी शेजारी बसतात. हे गाणं कुणाचं, कुणी मागेल, कुणासमोर लावलेलं चालेल, यातलं त्या आकड्यात काही नाही.

याच्या अगदी उलट टोकाचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून काम करत, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण झालं, आणि २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करतंय. एक लाख म्हणजे माझ्या डिस्कपेक्षा मोठा ढीग. पण त्यांनी त्या ओव्या अर्थानं लावल्या. सीतेच्या ओव्या एकीकडे, भाऊ-बहिणीच्या एकीकडे, आई-लेकीच्या एकीकडे. वर्ग, पोटवर्ग, त्यांचे आणखी पोटवर्ग, आणि प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. त्यात आमच्या जिल्ह्यातलं माजलगावचं भीमनगरही आहे. तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. जात्यावरच्या ओवीला मागणी हा शब्दच लागू नाही. ती कुणाच्या फर्माईशीवरून गायली जात नव्हती, ऐकणारं पुष्कळदा कुणी नसायचंच. तरी ती एवढ्या काळजीनं ठेवली गेली की आज मला माजलगावातल्या ओव्या कुणी गायल्या ते नावानं कळतं, आणि काल रात्री मी पाच हजार माणसांना नाचवलं ते गाणं कुणाचं आहे ते मला माहीत नसतं.

माझ्या फाइलींवर नावं आहेत, पण ती वेगळ्याच लोकांची. गायकाच्या जागी रिमिक्स करणाऱ्याचं नाव, अल्बमच्या जागी त्याचा मोबाईल नंबर. गीतकाराची जागा रिकामी. हा आजार आमचाच आहे असंही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या पार्टीपासून हिपहॉपचा इतिहास सांगतात, तिथला डीजे कूल हर्क आपल्या तबकड्यांवरची लेबलं पाण्यात भिजवून काढायचा, म्हणजे शेजारच्या डीजेला कळू नये हे काय वाजतंय. आमच्याकडेही फाइलींची नावं मुद्दाम बदलतात. फरक इतकाच की हर्कला स्वतःला ती तबकडी कुणाची ते ठाऊक होतं. आमच्यात लपवणारालाही ठाऊक नसतं. कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं (कलम ५२) लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला मुभा ठेवली आहे. पण वाजवायची मुभा वेगळी. ज्याचं नाव पुसून ठेवलं त्याचं देणं कायद्यानं फिटत नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी 'काहीच काढू नका' म्हणणाऱ्यांतला आहे. नाही. सगळं ठेवणं हे मला मोठं मन वाटत नाही; निवड करण्याचा त्रास टाळण्याची ती सभ्य पद्धत आहे.

अंबाजोगाईत दासोपंतांची समाधी आहे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे इतकं ते लिहीत, असं आमच्याकडे सांगतात. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा. गावात कुणालाही विचारा, सव्वा लाख हा आकडा पाठ असतो. तो सबंध वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण त्याच दासोपंतांची पासोडी आहे: चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरणाचा विषय लिहून काढलेला. ते कापड लोकांनी शतकानुशतकं जपलं, अजून अंबाजोगाईत आहे, आणि ज्याला मराठी साहित्यातलं फारसं काही ठाऊक नाही तोही पासोडीबद्दल बोलतो. समुद्र आणि पासोडी. एकाच माणसाचं दोन्ही, पण पासोडीला काठ आहे, ती उलगडून बघता येते, पुन्हा गुंडाळता येते. (विद्वान म्हणतील ही तुलना ग्रंथांच्या गुणवत्तेशी अन्याय करते. करत असेल. मी इथं जपणाऱ्यांच्या हातांबद्दल बोलतोय.) साठ हजार फाइलींत 'ट्रॅक ०७' पुरलेलं असणं आणि नसणं यांत आजीच्या दृष्टीनं काय फरक होता? मी ते ऐकलेलं नसतं तर काहीच नाही. जे आपल्याकडे आहे हे आपल्याला माहीत नाही, ते आपल्याकडे आहे असं म्हणणं फक्त डिस्कच्या दृष्टीनं खरं आहे.

पण पसारा आवरण्याचं खरं कारण जागा हे नाही, शोध हेही नाही. आणखी एक प्रकार आहे, ज्याबद्दल आमच्या धंद्यात बोलत नाहीत.

प्रत्येक ऑपरेटरच्या डिस्कवर डिवचणारी गाणी असतात. कुणाचं नाव न घेता, पण कुणाला ते सगळ्यांना कळेल अशी. ही गाणी लग्नमांडवात कुणी मागत नाही. मिरवणूक एका विशिष्ट गल्लीच्या तोंडाशी, एका विशिष्ट पुतळ्यापाशी, एका मशिदीच्या किंवा वस्तीच्या समोर आली की चार पोरं भिंतीमागे येतात आणि म्हणतात, "आता ते लाव." ऑक्टोबर २०२३ मध्ये माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. त्यानंतर गावागावांत कोण कुणाच्या दुकानात चहा पितो हेही लोक बघायला लागले. अशा हवेत त्या चार पोरांना काय उत्तर द्यायचं हा तात्त्विक प्रश्न उरत नाही. रात्रीचे पावणेदहा वाजलेले असतात, दहाला बंद करायचं असतं, पैशांचा हिशेब राहिलेला असतो.

माझ्या ओळखीचा गेवराईकडचा एक ऑपरेटर म्हणतो, "ठेवायचं सगळं. लावायचं का नाही ते त्या वेळेला बघू." त्याचं म्हणणं असं की गाणं म्हणजे हत्यार नव्हे, आणि आपण कोण लोकांनी काय ऐकावं ठरवणारे. ऐकायला हे उदार आहे. पण मला तो युक्तिवाद पटत नाही, कारण 'त्या वेळेला' बघणारा मी एकटा असतो आणि समोर चारशे माणसं असतात. डिस्कवर असलेलं गाणं ही एक तयार शक्यता असते. कुणीतरी मागेल आणि माझा हात हलेल, इतकंच बाकी असतं. म्हणून मी त्या गाण्यांचं फोल्डर काढून टाकलं. जागा वाचली ती दोन जीबीसुद्धा नसेल. पण त्यानंतर "माझ्याकडे नाही" हे वाक्य मला खोटं न बोलता म्हणता यायला लागलं. संग्रहातून काहीतरी काढण्याचं याच्यापेक्षा चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

आक्षेप आहेच, आणि तो मी टाळणार नाही. आज "माझ्याकडे नाही" म्हटलं की पोरगं खिशातून फोन काढतं: "थांब, लिंक टाकतो," नाहीतर "वायर दे इकडं." डिस्क स्वच्छ असून उपयोग काय, सगळं जगच आता डिस्क आहे. म्हणजे शेवटी मला "माझ्याकडे नाही" सोडून "मी लावणार नाही" म्हणावं लागतं. मग फोल्डर काढण्याचा फायदा काय झाला? माझा अनुभव असा की झाला. घरी, दुपारी, डोकं ताळ्यावर असताना मी एकदा ते ऐकलं होतं, कुणाला लागेल याचा विचार केला होता आणि ठरवलं होतं. रात्री पावणेदहाला मला नव्यानं ठरवायचं नव्हतं, फक्त ठरलेलं सांगायचं होतं. काहींनी ऐकलं. एका ठिकाणी ऐकलं नाही, वायर ओढली गेली, राहिलेले पैसे बुडाले आणि पुढच्या वर्षी त्या गावानं दुसरा डीजे सांगितला. त्या संध्याकाळपुरतं तरी भिंतीमागे कुणीतरी माणूस आहे हे त्या पोरांना कळलं असावं, शिव्या त्यालाच पडल्या.

आता मी फोल्डर माणसांवरून लावतो. 'आजीसाठी', 'भीमनगर', 'येरमाळा वाट', 'तांडा' (यातलं मला कळत नाही, ओळखीच्या एका बंजारा शिक्षकांकडून एकेक गाण्याचा अर्थ लिहून घेतोय), 'हॉर्नवालं'. आणि एक 'ऐकलं नाही'. हे सगळ्यात मोठं. पावसाळ्यात सुपाऱ्या नसतात तेव्हा रोज वीस गाणी ऐकायची, गायकाचं नाव सापडलं तर लिहायचं, नाही सापडलं तर गाव, तेही नाही तर कुणाकडून आलं ते. या वेगानं ते फोल्डर माझ्या हयातीत संपणार नाही. रोज वीस, वर्षाचे चार महिने, म्हणजे चोवीसशे. हिशेब करून झाला आहे आणि मी त्याच्यावर झोप उडवून घेत नाही.

यंदा आमच्याच गल्लीतलं एक पोरगं धंद्यात आलंय. कर्ज काढून चार बेस घेतले, कोरी डिस्क घेऊन दारात उभं राहिलं. "दादा, सगळं टाकून द्या." चांगल्या वायरीनं दीड-दोन तासांचं काम आहे, मलाही याच रीतीनं मिळालं होतं, आणि नाही म्हणायला मी कुणी मालक नाही. तरी मी त्याला सगळं दिलं नाही. लग्नाची म्हणून दीडेकशे गाणी दिली, पोट भरायला तेवढी पुरतात. आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर 'आजीसाठी' दिलं, तीनशे बारा फाइली. म्हटलं, हे ऐकून ये, मग पुढचं फोल्डर. तो जरा नाराज झाला. त्याच्या मित्राकडे एक टीबीची भरलेली डिस्क आहे आणि तो काहीही न विचारता देतो, असं त्यानं जाता जाता सांगितलं. अजून आलेला नाही. लग्नसराई सुरू झालीय, त्यालाही वेळ नसेल.